स्मृतिस्थ माहितीसंग्रह

स्मृतिस्थ माहितीसंग्रह : व्यवहाराची माहिती तबकडीवर न ठेवता संगणकाच्या मुख्य स्मृतीतच ठेवणारी आणि नोंद, शोध, बदल व गणन ही कामे तेथल्या तेथे करणारी संगणकीय व्यवस्था. संगणक व्यवसायात ती इन-मेमरी डेटाबेस या नावाने ओळखली जाते. नेहमीच्या माहितीसंग्रहातही लागेल तेवढी माहिती काही काळ स्मृतीत आणली जाते. परंतु तेथे माहितीचे मूळ स्थान तबकडी हे असते व स्मृती ही तात्पुरती जागा असते. स्मृतिस्थ संग्रहात हे नाते उलट होते. माहितीचे राहते घर स्मृती हे असते आणि तबकडीचा उपयोग केवळ आपत्तीच्या वेळी माहिती परत उभी करण्यासाठी होतो. शेअर बाजार, दूरध्वनी सेवा, बँका, प्रवास-आरक्षण व मोठे कारखाने यांच्या व्यवहारांत अशा संग्रहांचा वापर होतो.

तत्त्व : या व्यवस्थेचे मर्म जुन्या हिशेबपद्धतीच्या आधारे सहज समजते. पहूर (ता. जामनेर, जि. जळगाव) यासारख्या खानदेशातील कापसाच्या टापूतील बाजाराच्या गावी व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन प्रमुख वह्या असत. दिवसभरातील प्रत्येक देवघेव जशी घडेल तशी क्रमाने कीर्दीत लिहिली जाई आणि नंतर ती खतावणीत ज्या त्या खात्यावर चढविली जाई. मुरब्बी दिवाणजीला मात्र नेहमीच्या शेतकऱ्यांची येणी-देणी तोंडपाठ असत. गाडी दारात उभी असताना कोणाला किती उचल द्यावी, हे तो वही न उघडता सांगे. दिवाणजीचे डोके ही येथे स्मृती होय. तिचा गुण म्हणजे तत्परता व दोष म्हणजे नश्वरता. दिवाणजी आजारी पडला, तर पेढी तरते ती कीर्दीमुळे. कीर्द शाबूत असेल, तर तिच्यावरून सारी खतावणी पुन्हा लिहिता येते. स्मृतिस्थ माहितीसंग्रहाची रचना याच दोन अंगांवर उभी आहे : चालू शिल्लक स्मृतीत व घडलेल्या बदलांची क्रमवार कीर्द टिकाऊ माध्यमावर.

वेगातील तफावत : मुख्य स्मृतीतील एखादा आकडा वाचण्यास सु. १०० नॅनोसेकंद लागतात (१ नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). फिरत्या चुंबकीय तबकडीवर वाचनशीर्ष योग्य जागी सरकणे व तबकडीचा हवा तो भाग त्याखाली येणे, या यांत्रिक हालचालींना मिळून ५ ते १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे हे अंतर सु. १ लाख पट आहे. स्मृतीतील वाचनाला १ सेकंद लागतो अशी कल्पना केल्यास तबकडीवरील वाचनाला सु. २८ तास लागतील. हलणारे भाग नसलेल्या अर्धसंवाहक तबकडीमुळे (एसएसडी) ही तफावत पुष्कळ कमी झाली आहे. तरीही याच मापाने तिला सु. १७ मिनिटे लागतील.

केवळ भरपूर स्मृती बसवून जुनाच माहितीसंग्रह चालविल्यास सर्व लाभ पदरात पडत नाही. तबकडीसाठी आखलेल्या आज्ञावलींत माहितीचे गठ्ठे स्मृतीत आणणे व परत पाठविणे, एकाच नोंदीवर दोघांनी हात घालू नये म्हणून कुलपे लावणे इ. कामांचा मोठा बोजा असतो. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेशी संबंधित संशोधकांनी २००८ मध्ये केलेल्या मोजणीत असे आढळले, की सर्व माहिती स्मृतीत मावत असतानाही संगणकाच्या श्रमांपैकी फार थोडे श्रम प्रत्यक्ष व्यवहारावर खर्च होतात आणि उरलेले या देखरेखीत जातात. म्हणून खऱ्या स्मृतिस्थ संग्रहाची अंतर्गत बांधणीच निराळी असते.

ऐतिहासिक आढावा : माहिती स्मृतीत ठेवण्याची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या आयएमएस या माहितीसंग्रहात १९७०–८० या दशकाच्या उत्तरार्धात, वारंवार बदलणाऱ्या थोड्या नोंदी मुख्य स्मृतीत ठेवण्याची सोय करण्यात आली. बँकांची त्यामुळे मोठी सोय झाली. त्या काळी स्मृती अतिशय महाग होती, त्यामुळे कोणती माहिती तेथे ठेवणे परवडते हा प्रश्न मुख्यतः अर्थशास्त्रीय होता. जिम ग्रे व फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ मध्ये त्याचे प्रसिद्ध उत्तर दिले. सेकंदाला एकदा तबकडी वाचण्याची क्षमता विकत घेण्यास त्यावेळी सु. २,००० डॉलर पडत, तर १ किलोबाइट स्मृतीला सु. ५ डॉलर पडत. या दोहोंचे गुणोत्तर ४०० येते. म्हणून जी १ किलोबाइट माहिती साधारणतः दर ४०० सेकंदांत एकदा तरी लागते, ती स्मृतीत ठेवणेच स्वस्त, असा त्यांचा हिशेब होता. ‘पाच मिनिटांचा नियम’ म्हणून तो ओळखला जातो. पुढे स्मृतीची किंमत झपाट्याने उतरली आणि संपूर्ण व्यवहाराची माहिती स्मृतीत ठेवणे शक्य झाले.

१९९० नंतर स्वतंत्र स्मृतिस्थ संग्रह तयार होऊ लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘डाली’ या व्यवस्थेचे वर्णन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या कर्त्यांपैकी एक एस. सुदर्शन हे नंतर मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत (आयआयटी) प्राध्यापक झाले. माहितीसंग्रहशास्त्रावरील जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक आहेत. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून १९९६ मध्ये टाइम्सटेन ही कंपनी निघाली व २००५ मध्ये ती ओरॅकल कंपनीने घेतली. २००९ मध्ये रेडिस, २०१०-११ मध्ये जर्मनीच्या एसएपी कंपनीची हाना ही व्यवस्था व २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या माहितीसंग्रहातील स्मृतिस्थ विभाग उपलब्ध झाला. त्यानंतर हे तंत्र सर्वसाधारण व्यवसायांच्या आवाक्यात आले.

व्यावसायिक लाभ : वेग हा या संग्रहांचा प्रमुख गुण म्हणून सांगितला जातो, पण नुसता वेग हा व्यवसायाचा लाभ नव्हे. एका ग्राहकाला उत्तर १० मिलिसेकंद आधी मिळाल्याने त्याचे काही बिघडत वा सुधारत नाही. माणसाला एवढा अवधी जाणवतही नाही. खरा लाभ रांगेचा आहे. काही कामे अशी असतात की ती एकामागून एकच करावी लागतात. उदा., एकाच कंपनीच्या शेअरसाठी आलेल्या ऑर्डरी किंवा एकाच गाडीतील शिल्लक आसनांचे वाटप. अशा प्रत्येक कामासाठी तबकडीची १० मिलिसेकंद वाट पाहावी लागली, तर एका सेकंदात १०० कामेच उरकतील. तेच काम स्मृतीत १० मायक्रोसेकंदांत झाले, तर सेकंदाला १ लाख कामे होऊ शकतात. पहिल्या स्थितीत गर्दीच्या वेळी रांग साचत जाते व शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेतो भाव किंवा आसन निघून गेलेले असते.

यातून पुढील लाभ संभवतात. (१) निर्णय प्रसंग टळण्यापूर्वी घेता येतो. बँकेच्या कार्डावरील संशयास्पद व्यवहार पैसे गेल्यानंतर कळण्यापेक्षा जाण्यापूर्वी कळणे, हे याचे उदाहरण होय. (२) जोखमीची तपासणी प्रत्येक व्यवहाराआधी करता येते. ती सावकाश होत असल्यास धंदा थांबवून तपासावे लागते किंवा न तपासता पुढे जावे लागते. (३) नोंद व विश्लेषण एकाच प्रतीवर होते. पूर्वीच्या पद्धतीत दिवसभराच्या नोंदी रात्री दुसऱ्या संग्रहात उतरवून त्यांवरून अहवाल काढीत, त्यामुळे व्यवस्थापकापुढे येणारे चित्र कालचे असे. हानासारख्या व्यवस्थेत माहिती स्तंभवार ठेवलेली असते. एका स्तंभातील सर्व आकडे शेजारी-शेजारी असल्याने ते दाबून कमी जागेत बसवता येतात व त्यांची बेरीज मागणी होताच करता येते. (४) बेरजांचे आगाऊ तक्ते करून ठेवण्याची गरज कमी होते. असे तक्ते मूळ नोंदींशी जुळते ठेवण्यात होणारे श्रम व चुका त्यामुळे टळतात.

राष्ट्रीय शेअर बाजार : या लाभांचे ठळक भारतीय उदाहरण मुंबईत आढळते. राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) ही संस्था नोव्हेंबर १९९२ मध्ये स्थापन झाली, एप्रिल १९९३ मध्ये तिला शेअर बाजार म्हणून मान्यता मिळाली आणि ३ नोव्हेंबर १९९४ रोजी तेथे शेअरांचे व्यवहार सुरू झाले. तोपर्यंत मुंबईतील दलाल स्ट्रीटवरील व्यवहार दलालांच्या वर्तुळात ओरडून होत. जळगाव किंवा धुळ्याच्या गुंतवणूकदाराला आपली ऑर्डर स्थानिक दलालामार्फत दूरध्वनीने मुंबईस कळवावी लागे. सौदा नेमक्या कोणत्या वेळी व कोणत्या भावाने झाला, हे पडताळण्याचे साधन त्याच्यापाशी नसे.

नव्या बाजाराने भाव व वेळ यांच्या अग्रक्रमावर चालणारी ऑर्डरवही सुरू केली. खरेदीत जास्त भाव देणारा व विक्रीत कमी भाव मागणारा पुढे. भाव सारखाच असेल, तर ज्याची ऑर्डर आधी पोहोचली तो पुढे, असा तिचा नियम आहे. उदा., एका शेअरचे १०० नग २५० रुपयांस विकावयास निघाले व त्याच भावाने घेणारे दोघे असले, तर बाजाराच्या संगणकाकडे ज्याची ऑर्डर आधी नोंदली गेली त्याला ते मिळतात. तो कोण व कुठला, हे वहीला ठाऊक नसते. नीट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत व्यवहाराची सर्व माहिती मध्यवर्ती संगणकाच्या स्मृतिस्थ संग्रहात ठेवण्यात आली होती. प्रतिसादाचा काळ अल्पतम राहावा व यंत्रणा अधिकाधिक वेळ उपलब्ध असावी, हा त्यामागील हेतू होता. प्रारंभी त्यासाठी एखादा भाग बिघडला तरी न थांबणारे स्ट्रेटस कंपनीचे संगणक वापरण्यात आले. दलालांची कार्यालये लहान तबकासारखे अँटेना व उपग्रह यांच्या साहाय्याने मुंबईशी जोडलेली होती. सुमारे वर्षभरातच उलाढालीत या बाजाराने जुन्या मुंबई शेअर बाजाराला मागे टाकले. मुंबई शेअर बाजारानेही मार्च १९९५ मध्ये आपली संगणकीय व्यवस्था सुरू केली व ओरडून होणारे व्यवहार बंद झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उपग्रह भूपृष्ठापासून सु. ३६,००० किमी. उंचीवर असल्याने संदेशाला वर जाऊन खाली येण्यास सु. पाव सेकंद लागे. हा विलंब तबकडीच्या १० मिलिसेकंदांच्या कितीतरी पट आहे. म्हणजे खानदेशातील एकट्या ग्राहकाच्या दृष्टीने पाहिल्यास स्मृती व तबकडी यांतील फरक उपग्रहाच्या विलंबात लोपून जातो. असे असूनही स्मृतिस्थ संग्रह आवश्यक ठरला, कारण देशभरातून एकाच वेळी येणाऱ्या ऑर्डरींची रांग बाजाराच्या दारात साचू न देणे हे त्याचे काम होते. रांग साचली असती, तर भावफलकावर दिसणारा भाव शिळा ठरला असता व दूरच्या ग्राहकाने शिळा भाव पाहून सौदा केला असता. फलकावरील भाव व वहीतील भाव यांत पडणारे अंतर कमीत कमी राहिल्यानेच पहूरसारख्या ठिकाणच्या माणसाला मुंबईच्या माणसाबरोबर एकाच वहीत, एकाच नियमाने उभे राहता आले.

पुढे यंत्रसामग्री बदलत गेली, उपग्रहाच्या जोडीला प्रकाशीय तंतू आले व व्यवहार मायक्रोसेकंदांत मोजले जाऊ लागले. त्याबरोबर नवा प्रश्न उभा राहिला. वहीचा वेग वाढला की तिच्यापर्यंत पोहोचण्यातील अंतराला महत्त्व येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लाख किमी. जातो, ४०० किमी. अंतराला त्यामुळे २ मिलिसेकंद लागतात. २००९-१० च्या सुमारास बाजाराने आपल्या संगणकांशेजारी सदस्यांचे संगणक ठेवण्याची सोय केली. शेजारच्या यंत्राला लागणारा वेळ त्याहून फारच कमी असल्याने या सोयीच्या न्याय्यतेबद्दल वाद झाला व नियामक संस्थेला त्यात लक्ष घालावे लागले. दीर्घ मुदतीसाठी गुंतवणूक करणाऱ्यास २ मिलिसेकंदांनी फरक पडत नाही; क्षणाक्षणाला खरेदी-विक्री करणाऱ्यास मात्र पडतो. वेगाचा लाभ कोणाला मिळतो हे केवळ यंत्रावर नव्हे, तर नियमांवरही अवलंबून असते, असे यावरून दिसते.

रेल्वे आरक्षण : गर्दीचे दुसरे उदाहरण रेल्वेच्या तिकिटांचे आहे. तत्काळ योजनेत वातानुकूलित वर्गाचे आरक्षण सकाळी १० वाजता व इतर वर्गांचे ११ वाजता खुले होते. जळगाव, भुसावळ किंवा पाचोरा येथून मुंबई-पुण्याकडे जाणारा प्रवासी त्या मिनिटाला देशभरातील लाखो प्रवाशांबरोबर एकाच यंत्रणेकडे धाव घेतो. ऑगस्ट २०१४ मध्ये रेल्वेने ई-तिकिटांची नवी व्यवस्था सुरू केली. तीत स्मृतिस्थ माहितीजालाचा अवलंब करण्यात आला व मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटे देण्याची क्षमता आली. येथेही मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. स्मृतिस्थ भागाने प्रवाशांची ये-जा व चौकशी यांचा भार पेलला; प्रत्यक्ष आसन देण्याचे काम मूळ आरक्षण यंत्रणेकडेच राहिले. तसेच वेग वाढल्याने आसने वाढत नाहीत. रांग लवकर सरते, इतकेच. मागणी पुरवठ्याहून अधिक असेल, तर बहुतेकांना नकारही लवकर मिळतो.

टिकाऊपणा : विद्युत् पुरवठा खंडित होताच मुख्य स्मृती कोरी होते. म्हणून व्यवहार पक्का झाल्याचे ग्राहकास कळविण्यापूर्वी त्याची नोंद टिकाऊ माध्यमावरील कीर्दीत जाणे आवश्यक असते. कीर्द ही शेवटी-शेवटी लिहीत जावयाची असल्याने तबकडीला इकडेतिकडे धावावे लागत नाही. शिवाय अनेक व्यवहारांच्या नोंदी एकत्र करून एकाच वेळी लिहिता येतात. ठराविक काळाने संपूर्ण स्मृतीचे चित्र तबकडीवर उतरवितात. बिघाड झाल्यास शेवटचे चित्र स्मृतीत आणून त्यापुढील कीर्द क्रमाने वाचतात व शिल्लक पूर्ववत् होते. माहिती मोठी असल्यास या भरणीला बराच वेळ लागतो. तो वाचविण्यासाठी दुसऱ्या संगणकाच्या स्मृतीत सतत जुळी प्रत ठेवतात. भूकंप, पूर अशा आपत्तींचा विचार करून आणखी एक प्रत दूरच्या शहरी ठेवण्याची प्रथा आहे. कीर्द लिहिण्याची वाट न पाहता होकार देणारी मांडणीही करता येते. ती अधिक वेगवान असते, पण बिघाडात शेवटचे काही व्यवहार नाहीसे होतात. कोणत्या व्यवहारात हे चालेल, हे व्यावसायिकाने ठरवावयाचे असते. वस्तूच्या किती चौकश्या झाल्या याची मोजदाद थोडी चुकली तरी भागते. ठेवीदाराच्या शिलकेत मात्र एका पैशाचा फरक चालत नाही.

वेगवान भागावरच सारे अवलंबून नसते, याचा प्रत्यय २४ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११·४० च्या सुमारास थांबवावे लागले व दुपारी ३·४५ ते ५ या वेळेत ते पुन्हा घेण्यात आले. दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर माहिती टिकवून ठेवणारी संचयन यंत्रणा संगणकांना उपलब्ध झाली नाही. परिणामी जोखीम तपासणारी व हिशेब पूर्ण करणारी व्यवस्था बंद पडली. सौदे जुळविणारा भाग चालू असूनही जोखीम तपासता येत नसल्याने बाजार चालू ठेवणे शक्य नव्हते. दिवाणजी हजर असला तरी कीर्द हाती नसताना पेढी उघडी ठेवता येत नाही, असाच हा प्रकार होय.

मर्यादा व निवड : स्मृती स्वस्त झाली असली, तरी तेवढ्याच माहितीसाठी तबकडीपेक्षा ती आजही अनेक पटींनी महाग आहे व तिला सतत वीज लागते. वीज गेल्यावरही माहिती टिकविणारी स्मृती इंटेल कंपनीने २०१९ मध्ये बाजारात आणली होती. परंतु २०२२ मध्ये त्या कंपनीने हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून बहुतेक संस्था मिश्र पद्धत अवलंबितात : चालू वर्षाच्या व सतत लागणाऱ्या नोंदी स्मृतीत आणि जुन्या, क्वचित लागणाऱ्या नोंदी तबकडीवर. ‘पाच मिनिटांच्या नियमा’तील आकडे बदलले, तरी त्यामागील विचार या वाटणीस आजही उपयोगी पडतो.

निवड करताना तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरते. उशीर झाल्यास व्यवहार बुडतो काय? एकाच नोंदीसाठी अनेकांची रांग लागते काय? आणि उत्तर ताजेच असणे आवश्यक आहे काय? या तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर स्मृतिस्थ संग्रहावर केलेला खर्च व्यर्थ ठरतो. गावातील किराणा दुकान, सहकारी पतसंस्थेची लहान शाखा किंवा ग्रामपंचायतीचे दप्तर यांचे काम साध्या माहितीसंग्रहावर उत्तम चालते. दिवसातून काहीशे नोंदी करणाऱ्या पेढीला सेकंदाला १ लाख नोंदींची क्षमता उपयोगाची नसते. मात्र अशा पेढीचा मालक शेअर बाजारात ऑर्डर देतो किंवा रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा दूरच्या शहरातील स्मृतिस्थ संग्रहाचा तो नकळत वापर करीत असतो आणि त्याचा लाभही त्याला याच वाटेने मिळतो.